पात्याची मागची बाजू

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका छंदवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरू करायच्या आधी एक काम करा. ज्यांच्या घरी विजेवर चालणारी कुठलीही करवत आहे, त्यांनी दोन्ही हात वर करा. बोटं पसरून. मागच्या रांगेतले, तुम्हीसुद्धा. छान. घ्या खाली. करवती किती आहेत हे मला मोजायचंच नव्हतं. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘घरच्या वर्कशॉपमध्ये यांत्रिक करवतींचा सुरक्षित वापर’. संयोजकांनी मला आखूनही दिलंय: चार प्रकारच्या करवती, प्रत्येकीला दहा मिनिटं, मग प्रश्नोत्तरं. मी हो म्हटलं. पण त्या चौघींकडे जाण्याआधी एका पाचवीचा समाचार घ्यायचा आहे. ती मुळात करवतच नाही, आणि तरीही तुमच्यातल्या निम्म्या लोकांकडे तीच आहे. मी मार्बल कटरबद्दल बोलतोय.

वर्कशॉप म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बाल्कनीचा अर्धा भाग, नाहीतर पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागची जागा. अमेरिकन माणूस व्हिडिओत दाखवतो तसं दोन मोटारींचं गॅरेज आपल्याकडे कुणाच्या नशिबी नाही. मग आपण घरी फर्निचरला आलेल्या सुताराकडे बघून शिकतो. आणि सुतार काय वापरतो? मार्बल कटर. दगडाची चकती काढायची, लाकडाचं तीस किंवा चाळीस दात्यांचं चार इंची पातं बसवायचं, आणि एका हातात धरून एकोणीस एमएमची प्लाय सरळ चिरत न्यायची. बघायला फार छान वाटतं.

सुताराला मी दोष देत नाही, हे आधीच सांगतो. तो मजुरी अंगावर घेऊन काम करतो, रोज नव्या साइटवर जातो, यंत्र पिशवीत मावावं लागतं आणि तीनेक हजारांत मिळावं लागतं. त्याचा हात तयार असतो. तरीही वखारीत नाहीतर प्लायच्या दुकानात जुने सुतार भेटले, की चहाचा कप कसा धरतात ते बघा. मी आणखी काही सांगत नाही.

आता यंत्र बघा. मार्बल कटर बनवला दगड आणि फरशी कापायला. त्याची हिऱ्याची चकती चावत नाही, घासत जाते. तिला दातेच नाहीत, त्यामुळे ती दगडात अडकून उसळी मारण्याचा धोका कमी. म्हणून त्याचं गार्ड वरच्या अर्ध्या भागापुरतं आणि घट्ट बसवलेलं असतं. खाली काही नाही. आणि फेरे? मिनिटाला बारा-तेरा हजार. लाकडाची खरी सर्क्युलर सॉ, सव्वासात इंची पात्याची, साधारण पाच-साडेपाच हजारांवर फिरते, आणि तिला स्प्रिंगचं खालचं गार्ड असतं, कापून झालं की आपोआप मिटणारं. आता तुम्ही काय केलंत? जे यंत्र दाते नसलेल्या चकतीसाठी बनलं, त्याला दाते लावलेत. हिशोब करा: ११० एमएमचं पातं, १२,००० फेरे. दात्याच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ २५० किलोमीटर येतो. आपला सर्वांत वेगवान गोलंदाज दीडशेच्या आसपास टाकतो, आणि त्याच्यासमोर उभं राहताना तुम्ही पॅड, हेल्मेट सगळं घालता.

इथवर ठीक. पण आपण हौशी लोक आणखी एक पायरी पुढे जातो. तो कटर उलटा करतो, प्लायच्या फळीला खालून स्क्रूने आवळतो, पात्यासाठी फळीला खाच पाडून ते वर काढतो, आणि त्याला ‘टेबल सॉ’ म्हणतो. त्यावर पुन्हा अभिमान! ‘पस्तीस हजारांचं यंत्र मी साडेतीन हजारांत केलं.’ ऐकलंय ना? म्हटलंयही असेल.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत, विमा क्षेत्रातून निवृत्त झालेले, अतिशय टापटिपीचे. हातोड्यासुद्धा वजनाच्या क्रमाने टांगतात. त्यांनी जुन्या कपाटाच्या दाराचं असं टेबल केलं. उलट्या कटरचा खटका दाबून कोण धरणार? म्हणून तो दाबलेल्या अवस्थेत केबल टायने बांधून टाकला, आणि चालू-बंद भिंतीवरच्या बोर्डवरून. उन्हाळ्यातली दुपार. सागाची एक पट्टी चिरायला घेतली, अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. आता लाइट गेल्यावर माणूस काय करतो? समोरच्या बिल्डिंगची गेली आहे का बघतो, आणि आत जाऊन चहा टाकायला सांगतो. त्यांनी तेच केलं. भिंतीवरचं बटण तसंच. पट्टी पात्यात तशीच.

लाइट आली.

यंत्राला काय कळतंय घरात कोण आहे ते? ते सुरू झालं. सागाची पट्टी एव्हाना चिरलेल्या भागात थोडी मिटली होती, तिने मागून पातं धरलं होतं. ती उडाली. बाल्कनीच्या कठड्यावरून गेली, मधला रस्ता ओलांडला, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर घातलेल्या कुरडयांच्या वाळवणात जाऊन पडली. पुढे काय झालं माहीत आहे? दोन्ही सोसायट्यांच्या मंडळींची बैठक झाली. विषय कुरडया. किती नुकसान, कुणी भरायचं, वाळवणावर जाळी का नव्हती. एका आजोबांनी तर बैठकीत गव्हाचा भाव काढला. सव्वा तास चर्चा झाली आणि त्या सव्वा तासात एकानेही विचारलं नाही, की बाबा, ती पट्टी उडाली कशी? (हशा)

हसा, पण मला सांगा, ती पट्टी कुठून गेली? ते गृहस्थ काम करताना बाल्कनीकडे पाठ करून उभे राहत. म्हणजे ती पट्टी जिथून गेली, बरोबर त्या जागी थोड्या वेळापूर्वी त्यांचं पोट होतं. आणि त्यांचा निष्कर्ष काय? ‘पट्टी तशी ठेवायला नको होती.’

नाही हो! इथेच मला माझ्या आवडत्या मुद्द्यावर यायचंय, आणि आजच्या सगळ्या बोलण्यातलं हे एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. आपण सगळे पात्याच्या पुढच्या बाजूला घाबरतो, कारण ती डोळ्यांसमोर असते. टेबलावरच्या करवतीत पुढचे दाते वरून खाली जातात, लाकूड टेबलावर दाबून धरतात. तिथे फारसा दगाफटका नाही. मागचे दाते मात्र खालून वर येतात. कापलेलं लाकूड त्यांना नुसतं टेकलं, तरी ते त्याला उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात.

लाकूड मागच्या दात्यांना टेकतं कसं? दोन रस्ते. एक, लाकूड चिरताना मिटतं. झाडाच्या वाढीत, वाळवण्यात लाकडात ताण साठलेले असतात. मधून चिरलं की ते मोकळे होतात, आणि दोन फाका एक तर फाकतात, नाहीतर जवळ येतात. जवळ आल्या की पातं चिमटीत. प्लायमध्ये हे फारसं होत नाही, म्हणून प्लायवाले बेफिकीर असतात. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे: तुकडा फेन्सपासून, म्हणजे बाजूच्या सरळ आधारपट्टीपासून, किंचित सुटतो, तिरका होतो, आणि त्याचा मागचा कोपरा वर येणाऱ्या दात्यांवर जातो. मग तो तुकडा पात्यावरून गर्रकन फिरत येतो.

आणि त्या क्षणी तुमचा हात कुठे असतो? लाकूड पुढे ढकलत असतो. जोर लावून. आता लाकूड निघून गेलं, जोर तसाच राहिला. बोटं बऱ्याचदा अशीच जातात. पात्यावर कुणी हात ठेवत नाही, हाताखालचं लाकूड नाहीसं होतं. म्हणून ‘मी लक्ष देऊन काम करतो’ याला अर्थ नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होतं. लक्ष पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो.

यावर उपाय आहे, आणि तो एका पत्र्याएवढा आहे. रिव्हिंग नाइफ. पात्याच्या लगेच मागे, त्याच्याच गोलाईत वळलेली पोलादी पट्टी. पातं वर-खाली केलं, की तीही सोबत जाते. ती चिरलेली फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दात्यांवर सरकू देत नाही. कारखान्यातून आलेल्या आजच्या चांगल्या टेबल सॉला ती असते. उलट्या मार्बल कटरला ती नसते आणि बसवायला जागाही नसते. माझा त्याच्यावरचा राग एवढ्यासाठी आहे. पैसे वाचवण्याला माझा विरोध नाही, मी पुण्याचाच आहे.

कुणीतरी म्हणेल, बोट लागताच थांबणारी करवत निघाली आहे. निघाली आहे. अमेरिकेत स्टीव्हन गॅस नावाचे गृहस्थ, भौतिकशास्त्रात पीएचडी आणि धंद्याने पेटंट वकील. त्यांनी १९९९ मध्ये ही कल्पना काढली. पात्यातून बारीकसा विद्युत संकेत सोडायचा, माणसाचं शरीर लागलं की तो बदलतो, आणि स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. सुमारे पाच मिलिसेकंदांत पातं जागच्या जागी थांबतं. प्रात्यक्षिकाला ते सॉसेज वापरत, आणि पुढे कॅमेऱ्यासमोर स्वतःचं बोटही लावून दाखवलं. मोठ्या कंपन्यांनी ते घ्यायला खळखळ केली, मग त्यांनी स्वतःच सॉस्टॉप ही कंपनी चालवली. वकील असल्याचा फायदा! पण नीट ऐका: ते यंत्र बोट ओळखतं. उडणारं लाकूड ओळखत नाही. त्यावरही रिव्हिंग नाइफ लागतेच.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बघा, चार करवती आहेत. तर आता भरभर.

सर्क्युलर सॉ, हातातली. हौशी माणसाने पहिली हीच घ्यावी असं माझं मत आहे. पातं लाकडाच्या जाडीपेक्षा पाच-सहा एमएमच जास्त खाली सोडा. आठ बाय चारची प्लाय दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापू नका. मधे झोल येतो आणि फट मिटते, पुन्हा तोच किकबॅक. जमिनीवर दोन इंची थर्माकोल अंथरा, त्यावर प्लाय, त्यावर सरळ पट्टी क्लॅम्प करून कापा. दोन्ही तुकडे शेवटपर्यंत टेकलेले राहतात. खालचं गार्ड तारेने वर बांधून ठेवणारे लोक आहेत. तसं करायचं असेल तर मार्बल कटरच काय वाईट?

टेबल सॉ. पातं लाकडाच्या जेमतेम वर. पात्याच्या रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला. अरुंद पट्टी असेल तर पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी, प्लायच्या टाकाऊ तुकड्याची घरी करा, दोन-चार करा. लाकूड फेन्सला टेकवा किंवा माइटर गेजला, म्हणजे आडवं कापताना लाकूड धरून सरकणाऱ्या आधाराला. आडवा तुकडा तोडताना दोन्ही एकदम नाही, तुटलेला तुकडा मधे अडकून उडतो. आणि मोकळ्या हाताने, कशालाच न टेकवता, कधीही नाही. लाइट जाण्यावर उत्तर म्हणजे नो-व्होल्ट स्विच. वीज गेली की तो स्वतः बंद होतो, परत आली तरी तुम्ही हिरवं बटण दाबेपर्यंत यंत्र हलत नाही. त्या कुरडया वाचल्या असत्या.

माइटर सॉ, पातं वरून खाली आणून आडवं कापणारी. हात पात्यापासून वीतभर लांब, तुकडा फेन्सला घट्ट, आणि कापून झालं की पातं पूर्ण थांबल्यावरच वर उचला. जिगसॉ, वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याची, सर्वांत गरीब. वळणं कापायची असतील आणि हात नवा असेल तर तीच. पण तुकडा क्लॅम्प करा आणि खाली कुठे पातं निघतंय ते आधी वाकून बघा. मांडीवर ठेवून कापणारे मी पाहिलेत.

सगळ्यांना सामाईक: पातं बदलताना प्लग काढा. बटण बंद केलं म्हणजे झालं नाही. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात, ते यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, धागा अडकला की बोटासकट जातो. तेच मनगटावरचा गंडा, राखी, कडं, ओढणी, सैल झब्ब्याची बाही. गंडा खिशात ठेवला तर देव रागावत नाही. चष्मा लागलेला असला तरी वरून गॉगल. कानाला मफ, कारण ही यंत्रं शंभर डेसिबलच्या आसपास ओरडतात. आणि भुसा. लाकडाच्या बारीक धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांत केली आहे, आणि आपण ती बाल्कनीत उडवून मग त्याच बाल्कनीत कपडे वाळत घालतो. मास्क लावा. घरच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, तेही एकदा इलेक्ट्रिशियनला विचारा.

अध्यक्ष उठलेच आहेत. एकच राहिलं, ते सोडता येत नाही. बोट तुटलंच तर आधी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा, १०८ ला फोन करा किंवा कुणालातरी गाडी काढायला सांगा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको, पेशी गोठून मरतात आणि मग जोडता येत नाही.

प्रश्नांना वेळ नाही असं दिसतंय. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी माझी सर्क्युलर सॉ ठेवली आहे, प्लग कुलूपवाल्या डबीत बंद आहे आणि किल्ली माझ्या खिशात. खालचं गार्ड हाताने उघडून सोडून बघा, स्प्रिंग किती जोरात मिटते ते. ज्यांनी आपल्या उलट्या कटरच्या टेबलाचे फोटो मोबाइलमध्ये आणलेत, त्यांनी ते आता लपवू नयेत. दोन-दोन जण या.