कारण न सांगता

[दृश्य: पॅरिस, मार्च 2006. फलक घेऊन चाललेले विद्यार्थी.]

सोर्बोन विद्यापीठ विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलं होतं. 11 मार्चच्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, पण आंदोलन थांबलं नाही. 28 मार्चला देशभर 10 लाख लोक रस्त्यावर उतरले, असं पोलीस म्हणाले. कामगार संघटनांचा आकडा 30 लाखांचा होता.

भांडण एका करारावरून होतं. 'पहिल्या नोकरीचा करार'. फ्रेंच लोक त्याला तीन अक्षरांत म्हणत, 'से-पे-अ' (CPE).

पंतप्रधान दोमिनिक द व्हिलपँ यांनी तो जानेवारीत मांडला होता. 20 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीला 26 वर्षांखालच्या मुलांना या करारावर घेता येणार होतं. पहिली दोन वर्षं कंपनीला वाटेल तेव्हा, कारण न सांगता, त्यांना काढायची मुभा. घरी रजिस्टर पत्र आलं की विषय संपला.

सरकारचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दर पाच तरुणांमागे एकाहून जास्त जण बेकार होते. कायम कामगाराला काढायचं तर सबळ कारण द्यावं लागतं, प्रकरण कामगार न्यायालयात जाऊ शकतं. म्हणून मालक नवख्याला कायम करायला धजत नाहीत, काही महिन्यांच्या मुदतीवर भागवतात. काढणं सोपं झालं की घेणंही सोपं होईल, असा हिशेब होता.

पण कायम नोकरी म्हणजे तिथे नुसता पगार नसतो. पॅरिसमध्ये घर भाड्यानं घ्यायला जा. घरमालक शेवटच्या तीन पगारपावत्या मागतो, नोकरीचा करार मागतो. तो कायमचा नसेल तर जामीन कोण राहणार, हा पुढचा प्रश्न. मग नोकरी करणारा मुलगा पुन्हा आईवडिलांकडे सहीसाठी जातो. कर्जाला गेलं तरी तेच. आणि कधीही, कारण न सांगता निघू शकणारा माणूस ओव्हरटाइमचे पैसे मागायला तोंड उघडेल का? आम्ही वापरून फेकायचे कागदी रुमाल नाही, असं ही मुलं सांगत होती. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

[दृश्य: उपनगरातल्या उंच इमारती.]

मात्र हा कायदा ज्यांच्या नावानं आला, ती मुलं वेगळी होती.

पॅरिसचं उपनगर क्लिशी-सू-ब्वा. 27 ऑक्टोबर 2005. पोलिसांपासून लपायला 17 आणि 15 वर्षांची दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून गेली. त्यानंतर तीन आठवडे देशभरातल्या वस्त्या धुमसत होत्या. अशा वस्त्यांत तरुणांची बेकारी 40 टक्क्यांच्या घरात होती. त्यावर उतारा म्हणून सरकारनं जो कायदा आणला, त्याचं नाव 'समान संधी', आणि हा करार त्याच कायद्यातलं एक कलम.

या मुलांना काढलं जाण्याची भीती कुठून असणार? त्यांना मुळात कुणी घेतच नव्हतं. अर्जावर नाव अरबी किंवा आफ्रिकी, त्याखाली पत्ता वस्तीचा, आणि पुढे उत्तरच नाही. इथेही कारण कुणी सांगत नव्हतं. छाटणीचे नियम कितीही सैल केले, तरी हा दरवाजा उघडला नसता.

31 मार्चला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी कायदा मंजूर करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच भाषणात, दुरुस्ती होईपर्यंत हा करार कुणी करू नये, असंही सांगितलं. 10 एप्रिलला करार मागे घेतला गेला. वाद मात्र परत परत आला. 2017 मध्ये, चुकीच्या कारणानं काढल्यास मिळणाऱ्या भरपाईवर कमाल मर्यादा घातली गेली.

'समान संधी'च्या त्या कायद्यात आणखी एक कलम होतं. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी नोकरीचे अर्ज नाव झाकून वाचायचे. त्यासाठी लागणारा सरकारी आदेश वर्षानुवर्षं निघालाच नाही. 2014 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं तो काढायला सरकारला फर्मावलं. 2015 मध्ये सरकारनं त्या कलमातली सक्तीच काढून टाकली.