फोटो पाड्यावर येतो

(दृश्य: पहाट, घाटवाट, चालणारे पाय)

सातपुड्यातला हा पाडा. डांबर ओढ्यापाशीच संपलं, पुढची चढण पायी. आशाताईंच्या मागून चालणाऱ्या तंत्रज्ञाच्या पाठीवर जी बॅग दिसतेय ना, तिच्यात टीबी शोधायला छातीचे फोटो काढणारं एक्स-रेचं मशीन आहे. वजन साधारण साडेतीन किलो.

1895 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेन यांनी बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला. 1914 मध्ये मारी क्युरी यांनी हेच यंत्र मोटारीत बसवून युद्धभूमीवर नेलं. मोटारीतून माणसाच्या पाठीवर यायला त्याला आणखी शंभर वर्षं लागली.

(दृश्य: शाळेची पडवी. यंत्र स्टँडवर चढतंय)

एक्स-रे निघायला ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो. हा दाब पूर्वी अवजड ट्रान्सफॉर्मर पुरवायचा, म्हणून यंत्र पाठीवर घेता येत नसे. इथे लिथियम बॅटरीचा प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा झाला आणि दाब मात्र 90 हजार व्होल्टपर्यंत चढतो. किरण किती जोराचे आणि किती मिलिसेकंद, हे आतला छोटा प्रोसेसर सांभाळतो. वेळ भरली की किरण आपोआप बंद. एका चार्जिंगमध्ये शंभरेक फोटो निघतात.

(दृश्य: प्रयोगशाळेचं टेबल. उघडलेली प्लेट, अगदी जवळून)

शरीरातून पार झालेले किरण ज्या प्लेटवर पडून फोटो उमटतो, खरी करामत त्या प्लेटमध्ये आहे. वरचा पांढरा थर सिझियम आयोडाइडचा. किरण पडले की तो उजळतो. त्याखाली काचेवर 0.15 मिलिमीटरच्या घरांची जाळी, अशी साठ-सत्तर लाख घरं. प्रत्येक घर आपल्या वाट्याचा उजेड विजेच्या रूपात साठवतं आणि आतला संगणक एकेक ओळ वाचत जातो. काही घरं जन्मतःच मुकी असतात, काही किरण नसतानाही बोलतात. म्हणून आधी अंधाराचा फोटो घेऊन तो खऱ्या फोटोतून वजा करायचा, मुक्या घराची जागा शेजाऱ्यांवरून भरायची. हे सगळं प्लेटमध्येच, काही सेकंदांत. ही आकडेमोड चोख झाली नाही, तर फुप्फुसावरचा बारीक डाग दिसणारच नाही.

(मूळ आवाज: “बाबा, हनुवटी वर घ्या. छाती चिकटवा. श्वास भरा… धरून ठेवा… झालं, सोडा.”)

फोटो लॅपटॉपवर आला. इथे मोबाइलला रेंज नाही, तरी अडत नाही. डाग ओळखणारी प्रणाली याच लॅपटॉपमध्ये आहे. संशयाची जागा रंगाने दाखवते, शेजारी संशय किती दाट त्याचे गुण देते. मुंबईत क्युअर डॉट एआय या कंपनीने अशीच एक प्रणाली घडवली. पंधरा आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या टीबी तपासणीत डॉक्टरऐवजी अशा प्रणालीने फोटो वाचला तरी चालेल, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्य केलं.

खोकला नाही, ताप नाही, मग फोटो कशाला, असं पाड्यावर विचारतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के लोक छातीचा फोटो काढला नसता तर निसटले असते. म्हणून ही चढण चढायची.

(दृश्य: पडद्यावर फुप्फुसं. डाव्या बाजूला रंगीत ठिपका. बाबांचा चेहरा. निवेदन नाही, 12 सेकंद.)

डाग दिसला म्हणजे टीबी ठरला असं नव्हे. थुंकीची डबी तपासणीला डोंगराखाली जाते, तिथे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र टीबीचे जंतू शोधतं. निघाला तर सहा महिने गोळ्या.

(दृश्य: प्लेट फडक्यात गुंडाळली जाते)

ओल आणि धूळ या प्लेटला सोसत नाही. म्हणून आशाताई ती आधी कापडात, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. बॅटरीच्या चारपैकी दोन रेघा शिल्लक आहेत. पलीकडच्या पाड्यावर बायका ओट्यावर येऊन बसल्याचा निरोप आलाय.