टेक लॉगमधल्या दोन ओळी

मित्रहो, विमान थांबलं की प्रवासी डोक्यावरचं सामान काढायच्या घाईत असतात. त्याच वेळी पुढे कॉकपिटमध्ये कॅप्टन एका वहीत काहीतरी लिहीत असतो. तिला आम्ही टेक लॉग म्हणतो. उड्डाणात जे बिघडलं, जे खटकलं ते तिथे लिहायचं. अशा प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे स्नॅग म्हणतात. खाली उभ्या असलेल्या इंजिनिअरनं स्नॅग वाचायचा, दुरुस्ती करायची आणि काय केलं ते लिहून सही ठोकायची. पुढचा कॅप्टन ते पान बघूनच विमान ताब्यात घेतो. माझी सगळी नोकरी ह्या सही ठोकणाऱ्यांच्या बाजूला गेली, म्हणून आज मी तुमच्याशी त्या वहीबद्दल बोलणार आहे.

28 ऑक्टोबर 2018. इंडोनेशियातल्या लायन एअरचं बोइंग 737 मॅक्स बालीमधल्या देनपसारहून रात्री जाकार्ताला निघालं. विमानाच्या नाकाशी, बाहेरच्या बाजूला, बोटभर लांबीची एक पाती असते. वारा कोणत्या कोनातून येतोय हे ती सांगते. ह्या विमानावर ती त्याच दिवशी बदललेली होती, आणि नवी पाती 21 अंशांनी चुकीचं दाखवत होती. चाकं जमीन सोडतात न सोडतात तोच कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरायला लागला. विमान हवेतून पडेल असा धोका वाटला की यंत्रणा मुद्दाम तो दांडा हलवते. तो जाकार्ता येईपर्यंत थरथरत राहिला. त्याशिवाय विमान आपणहून नाक खाली घालत होतं. कॉकपिटमध्ये त्या रात्री तिसरा एक पायलटही बसलेला होता. शेवटी ट्रिमची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली सावरून धरणाऱ्या यंत्रणेची, मोटर बंद करणारे दोन कटआउट स्विच पाडले, पुढचा सगळा प्रवास हातानं ट्रिम फिरवत केला आणि विमान सुखरूप उतरवलं.

आता कॅप्टननं टेक लॉगमध्ये काय लिहिलं ते ऐका. उड्डाणानंतर वेगाचे आणि उंचीचे दोन बाजूंचे आकडे जुळत नव्हते, ही एक नोंद. 'फील डिफ प्रेस'चा, म्हणजे दांड्याला जडपणा देणाऱ्या यंत्रणेच्या दाबात फरक पडल्याचा दिवा लागला, ही दुसरी. दांडा थरथरत होता हे त्यात नाही, आणि कटआउट स्विच पाडावे लागले हेही नाही. जाकार्त्याच्या इंजिनिअरनं त्या दोन ओळींचं जे करायचं ते केलं. हवेच्या दाबाच्या नळ्या साफ केल्या, एक कनेक्टर काढून पुसला, जमिनीवर चाचणी घेतली. चाचणी ठीक आली. सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तेच विमान नव्या वैमानिकांना घेऊन उडालं आणि दहा-बारा मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. 189 माणसं गेली. त्या सकाळचा कॅप्टन आपल्या दिल्लीचा मुलगा होता.

नाक खाली ढकलणाऱ्या एमकॅस यंत्रणेची माहिती बोइंगनं वैमानिकांच्या पुस्तिकेत दिलेलीच नव्हती. तो दोष मोठा आहे आणि तो कुणी त्या वहीवर ढकलू नये. पण इंडोनेशियाच्या चौकशी अहवालानं जी कारणं मांडली, त्यांत ही अपुरी नोंदही आहे. आदल्या रात्रीच्या वैमानिकांना एक उपाय सापडला होता. सकाळच्यांपर्यंत तो पोचला नाही.

मी त्या रात्री जाकार्त्याला ड्युटीवर असतो तर मीही नळ्या साफ करून सही केली असती. हे मी फार विचार करून सांगतोय. कारण बऱ्याच वैमानिकांना सवय असते, पडद्यावर ज्या दिव्याचं नाव आलं तेवढंच लिहायचं. विमान हातात कसं लागलं, कुठल्या क्षणी काय झालं, हे लिहायला जागा कमी, वेळ त्याहून कमी, आणि क्रूची गाडी खाली उभी असते. म्हणून आमचे जुने चार्जहँड, म्हणजे मुकादम, आम्हाला जिन्याशी उभं करायचे. कॅप्टन उतरला की विचारायचं, "साहेब, नेमकं काय झालं?" वहीत एक ओळ असायची आणि जिन्यावर पाच मिनिटं माहिती मिळायची. माझे कितीतरी स्नॅग त्या जिन्यावर सुटले आहेत.

एका विमानातली गोष्ट त्याच विमानाच्या पुढच्या वैमानिकाला कळली नाही, तिथे एका कंपनीतली दुसऱ्या कंपनीला कशी कळावी? 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत टीडब्ल्यूए ह्या विमान कंपनीचं बोइंग 727 वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला येत होतं. कंट्रोलरनं धावपट्टीच्या दिशेनं उतरणीला लागायची परवानगी दिली. आता 1800 फुटांवर यायला हरकत नाही, असा वैमानिकांनी त्याचा अर्थ लावला. कंट्रोलरच्या मनात तसं नव्हतं. मध्ये माउंट वेदरचा डोंगर होता. विमानातले सगळे, 92 जण, गेले. चौकशीत निघालं की जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेड ह्या दुसऱ्या कंपनीचे वैमानिक त्याच जागी, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्यांनी कंपनीला प्रामाणिकपणे कळवलं होतं. कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावधही केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना ते ठाऊक नव्हतं.

ह्यातून 1975 मध्ये अमेरिकी सरकारनं एक योजना काढली, की चुका आम्हाला कळवा, शिक्षा करणार नाही. पण कळवायचं कुणाला? जो विभाग लायसन्स काढून घेऊ शकतो त्यालाच. वैमानिकांचा विश्वास बसेना. मग 1976 पासून अहवाल घ्यायचं काम नासाकडे दिलं, कारण नासाच्या हातात कुणाचं लायसन्स नाही. त्या फॉर्मच्या वरच्या भागात नाव-पत्ता लिहायची एक पट्टी असते. अहवाल वाचून झाला की ती पट्टी कापतात, तारखेचा शिक्का मारतात आणि पाठवणाऱ्याला टपालानं परत करतात. नासाकडे नाव उरतच नाही. चूक अजाणता झालेली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर नियमभंग सिद्ध झाला तरी दंड किंवा निलंबन होत नाही. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात ह्यांना ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या पट्टीच्या भरवशावर आजवर लाखो अहवाल आले.

आपल्याकडे काय? अपघात आणि गंभीर घटना कळवणं बंधनकारक आहे, 2012 पासून चौकशीसाठी एएआयबी हा वेगळा अपघात तपास विभाग आहे, आणि चौकशीचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व आपणही मान्य केलंय. पण आपणहून द्यायचे अहवाल पुन्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेच जातात, आणि लायसन्सही तेच देतं. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांतले कित्येक माझे स्नेही आहेत. पण 1975 चा अमेरिकेचा अनुभव समोर असताना आपण ही रचना बदलली पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

भीती काय करते हे मी हँगरमध्ये बघितलंय. आमच्या हत्यारांच्या पेटीत फोम असतो आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची त्यात खाच असते. मी नोकरीला नवा असताना एकदा पहाटे चारला पेटी लावायला घेतली तर दहा नंबरच्या पान्याची खाच रिकामी. विमान सहाला जायचं होतं. मी थरथरत शिफ्ट इनचार्जला सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटचं पॅनल कुठलं उघडलं होतंस?" विमान थांबवलं, पॅनल पुन्हा उघडलं. पाना आत हायड्रॉलिकच्या पाइपवर आडवा पडला होता. विमान दीड तास उशिरा गेलं. मला कुणी काही बोललं नाही.

काही वर्षांनी साहेब बदलले. माझ्या बरोबरच्या एकानं अशीच कबुली दिली, विमानाला उशीर झाला, आणि त्याला मेमो मिळाला. इन्क्रिमेंट थांबलं. त्यानंतर आमच्या हँगरमध्ये पुष्कळ दिवस कुणीच काही हरवल्याचं सांगितलं नाही.

तो माणूस निवृत्त झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. तेव्हा त्यानं मला सांगितलं. मेमोनंतर एकदा त्याची टॉर्च सापडेना. त्यानं तोंड उघडलं नाही. तीन दिवस तो रोज बोर्डावर जाऊन ते विमान कुठे गेलं, कधी परत येणार हे बघत राहिला. घरी जेवण उतरत नव्हतं. चौथ्या दिवशी टॉर्च त्याच्या स्कूटरच्या डिकीत सापडली, रेनकोटच्या घडीत.