व्हाइट हाउसनंतरची बेचाळीस वर्षे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

अमेरिकेच्या फर्स्ट लेडींमध्ये सर्वांत दीर्घ आयुष्य लाभले ते बेस ट्रुमन यांना. १९८२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. त्यांच्या खालोखाल रोझलिन कार्टर, १९७७ ते १९८१ या काळातले राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय ९६ होते. ट्रुमनबाईंना प्रसिद्धीची मनापासून नावड होती आणि १९५३ साली व्हाइट हाउस सोडल्यावर मिसुरी राज्यातल्या आपल्या गावी त्यांनी जवळजवळ तीस वर्षे शांतपणे काढली. तो त्यांचा हक्क होता आणि त्यात कमीपणा काहीच नाही. रोझलिनबाईंनी मात्र सत्ता गेल्यानंतरची बेचाळीस वर्षे मानसिक आरोग्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला दिली, आणि चार वर्षांच्या फर्स्ट लेडीपदापेक्षा ही बेचाळीस वर्षे मला अधिक मोलाची वाटतात. आजचे माझे बोलणे त्याविषयी आहे.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२७चा, जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या जेमतेम सहाशे वस्तीच्या गावातला. वडील मोटार मेकॅनिक होते, शेतीही करत. रोझलिन तेरा वर्षांच्या असताना ते ल्युकेमियाने गेले. चार भावंडांत थोरली असलेल्या या मुलीवर घरकामाची आणि धाकट्यांची जबाबदारी आली; आई लोकांचे कपडे शिवून घर चालवू लागली. या आजारपणात वडिलांच्या शुश्रूषेला येणाऱ्या परिचारिका म्हणजे शेजारच्या लिलियन कार्टर, रोझलिन यांच्या भावी सासूबाई. याच लिलियनबाई पुढे वयाच्या ६८व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या परदेशी सेवा योजनेच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या विक्रोळीला आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी काम केले. मुंबईकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगितले.

१९४६ साली रोझलिन यांचे नौदलातल्या जिमी कार्टर यांच्याशी लग्न झाले आणि गावाबाहेरचे जग त्यांना दिसले. ते त्यांना इतके आवडले, की १९५३ साली सासऱ्यांच्या निधनानंतर जिमींनी नौदल सोडून गावी परतण्याचे ठरवले तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. परतीच्या मोटार प्रवासात नवऱ्याशी त्यांचा जवळजवळ अबोलाच होता. काही सांगायचे झालेच तर ते थोरल्या मुलामार्फत सांगितले जाई! पण गावी आल्यावर भुईमुगाच्या बियाण्याचा आणि खतांचा जो धंदा उभा राहिला, त्याचे हिशेब त्यांनी हाती घेतले. थोड्याच काळात कोणता व्यवहार फायद्याचा आणि कोणता आतबट्ट्याचा हे त्या नवऱ्याला सांगू लागल्या, आणि तोही त्यांचे ऐकू लागला. पुढे राजकारणात दिसलेली बरोबरीची भागीदारी या हिशेबाच्या वह्यांतून घडली, असे माझे मत आहे.

त्यांच्या आयुष्याचे काम त्यांना सापडले ते प्रचाराच्या धावपळीत. जिमी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे असताना अटलांटातल्या एका कापड गिरणीच्या दाराशी पहाटे साडेचारच्या सुमारास त्या पत्रके वाटत होत्या. रात्रपाळी संपवून एक बाई बाहेर आल्या. आता घरी जाऊन झोप मिळेल ना, असे रोझलिन यांनी सहज विचारले. बाईंनी सांगितले की घरी मानसिक आजार असलेली मुलगी आहे. तिच्या उपचारांचा खर्च नवऱ्याच्या पगारात भागत नाही, म्हणून रात्री काम करायचे आणि दिवसा मुलीकडे पाहायचे. हा प्रसंग रोझलिन यांच्या मनातून जाईना. त्याच दिवशी जिमींची सभा होती. त्या सामान्य मतदारांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि हस्तांदोलन करता करता त्यांनी नवऱ्याला विचारले, की तुम्ही गव्हर्नर झालात तर मानसिक रुग्णांसाठी काय करणार? ‘देशातली सर्वांत चांगली व्यवस्था उभारू आणि तिची सूत्रे तुझ्याकडे देऊ,’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. १९७१ साली जिमी गव्हर्नर झाल्यावर नेमलेल्या राज्य आयोगावर त्यांनी काम केले, आणि अटलांटातल्या मनोरुग्णालयात त्या स्वयंसेविका म्हणूनही जाऊ लागल्या.

व्हाइट हाउसमधली त्यांची कारकीर्द मी थोडक्यात सांगतो. ईस्ट विंगमध्ये स्वतःचे कार्यालय थाटणाऱ्या त्या पहिल्या फर्स्ट लेडी. मंत्रिमंडळाच्या बैठकींना त्या हजर राहत आणि टिपणे घेत. आठवड्यातून एकदा राष्ट्राध्यक्षांबरोबर कामाच्या चर्चेसाठी दुपारचे जेवण ठरलेले असे. १९७७ साली राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या सात देशांचा दौरा केला आणि तिथल्या राष्ट्रप्रमुखांशी मानवी हक्कांपासून शस्त्रास्त्रांपर्यंत बोलणी केली. जिला कोणी निवडून दिलेले नाही तिने हे का करावे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि खरे सांगायचे तर तो आजही मला सर्वस्वी गैरलागू वाटत नाही. एवढे मात्र म्हटले पाहिजे, की राजकारणाची नाडी त्यांना नवऱ्यापेक्षा अधिक कळत होती. पनामा कालवा पनामाच्या हवाली करण्यासारखे मते घालवणारे निर्णय दुसऱ्या कारकिर्दीपर्यंत थांबवावेत, असे त्या सुचवत होत्या. जिमींनी ऐकले नाही, आणि दुसरी कारकीर्द आलीच नाही.

फेब्रुवारी १९७७मध्ये, म्हणजे सत्तेवर येताच, राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्य आयोग नेमला गेला. पत्नीला सरकारी पदावर नेमण्यास कायद्याची आडकाठी असल्यामुळे रोझलिन यांना मानद अध्यक्षपदावर समाधान मानावे लागले. मान तेवढा मानद होता, काम मात्र पुरेपूर होते. देशभर सुनावण्या झाल्या, १९७८मध्ये शंभराहून अधिक शिफारशींचा अहवाल आला, १९७९मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. एलेनॉर रूझवेल्ट यांच्यानंतर काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, साक्ष देणाऱ्या त्या दुसऱ्या फर्स्ट लेडी. या सगळ्यातून झालेल्या कायद्यावर ऑक्टोबर १९८०मध्ये सही झाली. महिनाभरातच जिमी निवडणूक हरले. नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने १९८१च्या अंदाजपत्रकाच्या कायद्यातून त्यातला बहुतेक भाग रद्द केला. मोठमोठी इस्पितळे सोडून लोकवस्तीतल्या केंद्रांत उपचार मिळावेत यासाठी केंद्र सरकारने घेतलेली जबाबदारी राज्यांवर ढकलली गेली.

तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. पराभवाची कडवट भावना त्यांनी लपवली नाही; गावचा धंदाही कर्जात बुडालेला होता. १९८२ साली एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने अटलांटात कार्टर सेंटर सुरू झाले आणि १९८५पासून त्यांनी तिथे मानसिक आरोग्य धोरणावर दरवर्षी परिषद भरवण्यास प्रारंभ केला. १९८७ साली घरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी संस्था काढली. मनोरुग्णांची खिल्ली उडवणाऱ्या आणि भीती घालणाऱ्या बातम्या बदलल्याशिवाय लोकांचे मत बदलणार नाही हे ओळखून १९९६पासून पत्रकारांसाठी अभ्यासवृत्ती सुरू केली. ही मला त्यांची सर्वांत दूरदृष्टीची कल्पना वाटते. दरम्यान गरजूंसाठीच्या घरबांधणीच्या कामातही त्या पतीबरोबर हातोडा घेऊन उभ्या राहत. २००६ साली लोणावळ्याजवळ शंभर घरे बांधण्याच्या उपक्रमाला हे दांपत्य आले होते. रोझलिन तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या.

विमा कंपन्यांनी मानसिक आजारांवरील उपचारांना शारीरिक आजारांपेक्षा कडक मर्यादा लावू नयेत, ही त्यांची जुनी मागणी. २००७ साली त्या पुन्हा काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेल्या, आणि ऑक्टोबर २००८मध्ये तसा कायदा झाला. तो एका डेमोक्रॅट आणि एका रिपब्लिकन सिनेटरच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावर सही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांची आहे. जॉर्जियातल्या १९७१च्या पहिल्या आयोगापासून मोजले तर ३७ वर्षे गेली होती. सत्तेत असताना केलेला कायदा वर्षभरही टिकला नाही, आणि सत्ता गेल्यावर सत्तावीस वर्षे पाठपुरावा करून मिळवलेला कायदा दोन्ही पक्षांनी उचलून धरला. रोझलिन यांना ५३नंतरचे आयुष्य लाभले नसते, तर इतिहासात त्यांची नोंद ‘प्रयत्न केला, पण फसला’ एवढीच राहिली असती.

मे २०२३मध्ये त्यांना डिमेन्शिया झाल्याचे कार्टर कुटुंबाने जाहीर केले. पती आधीच अंतिम शुश्रूषेखाली होते आणि ही बातमी झाकून ठेवणे सहज शक्य होते. पण मानसिक आजारांभोवतीच्या लाजेमुळे माणसे मदत मागत नाहीत, आणि ही बातमी ऐकून घरोघरी व डॉक्टरांच्या दवाखान्यांत याविषयी अधिक बोलले जावे, असे कारण निवेदनात दिले होते. त्यानंतर सहा महिन्यांनी अटलांटात झालेल्या त्यांच्या श्रद्धांजली सभेला मेलानिया ट्रम्प यांच्यासह सर्व हयात माजी फर्स्ट लेडी आणि तेव्हाच्या फर्स्ट लेडी जिल बायडेन एकत्र बसल्या होत्या.