‘आता एनए लागत नाही’ हे अर्धंच वाक्य आहे

नमस्कार मंडळी.

(सातबारा कॅमेऱ्यासमोर धरून) हा आमच्या मामांचा उतारा. त्यांनी घेतली एक गुंठा जमीन, म्हणजे 1089 चौरस फूट. उताऱ्यावर मात्र सामाईकात आणखी नऊ नावं, आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक आकारापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी असल्याचा शेरा. प्लॉट फक्कीने आखून दिला होता, पहिल्या पावसात फक्की वाहून गेली. विकणारा म्हणाला होता, “सरकारने एनए काढून टाकलंय.” एनए म्हणजे शेतजमीन बिनशेती करायची परवानगी.

तो खोटं बोलला नव्हता. म्हणूनच मामा फसले.

1966 साली राज्यात दोन कायदे आले. जमीन महसूल अधिनियमाखाली शेतजमीन बिनशेती करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि नगररचना अधिनियमाखाली बांधकामाची परवानगी वेगळी. विकास आराखड्यात सरकारनेच जमीन रहिवासी दाखवलेली, तरी ती बिनशेती करू का म्हणून पुन्हा सरकारलाच विचारायचं! वर्षानुवर्षं लोकांनी चपला झिजवल्या. म्हणून जमीन महसूल अधिनियमात कलम 42-ब आणि 42-ड आली, हे फार चांगलं झालं. अंतिम आराखड्यातली जमीन त्यातल्याच वापरासाठी असेल, किंवा गावठाणाच्या, म्हणजे गावात घरांसाठी ठरवलेल्या जागेच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत घरासाठी असेल, तर वेगळी बिनशेती परवानगी नको. या कलमांखाली रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी, म्हणजे बिनशेती वापराचा सारा, भरावा लागायचा. जमीन वर्ग-2, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, तर सरकारला नजराण्याची रक्कमही.

पण यातून एकच दाखला कमी झाला. लेआउटची, म्हणजे जमिनीचे प्लॉट आणि रस्ते आखलेल्या नकाशाची मंजुरी लागतेच, बांधकाम परवानगी लागतेच. 2025 मध्ये तुकडेबंदीत सवलत आली, जुने तुकडे नियमित करायची वाट मोकळी झाली. त्याने सातबाऱ्यावरचा शेरा निघेल, घराचा नकाशा मंजूर होणार नाही. आयुष्यभराची पुंजी ओतणाऱ्या माणसाला हा फरक कुणीतरी आधी सांगायला हवा ना?

तेव्हा इसार देण्याआधी मंजूर लेआउटचा नकाशा मागा आणि त्यावर तुमच्या प्लॉटचा नंबर बोटाने दाखवायला सांगा. नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा तेवढाच तुकडा) स्वतः काढा. आणि 200 मीटर कुणी गावातल्या शेवटच्या घरापासून मोजून दाखवत असेल, तर थांबा. गावठाणाची हद्द भूमी अभिलेखच्या नकाशावर असते. गाव कितीतरी पुढे सरकलंय, ती रेघ अजून जुन्याच जागी आहे.