यवतेश्वराचा उतार

(सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसमोर जुलै महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढा पाऊस कोसळत असताना तुम्ही आलात, म्हणजे निम्मी निवड इथेच झाली म्हणायची. सप्टेंबरात घाटात असाच भिजायचा प्रसंग येऊ शकतो, तेव्हा आज छत्री विसरून आलेत त्यांचं मी विशेष कौतुक करते.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ४९व्या वर्षी धावायला लागले, आता ६१ पूर्ण आहेत. मी काही डॉक्टर नाही आणि प्रशिक्षकही नाही. या स्पर्धेत बऱ्याचदा धावले, त्यातल्या पहिल्या खेपेला सपाटून आपटले, एवढीच माझी पात्रता. त्या आपटण्याबद्दलच बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात मी तुमच्यातल्या काही जणांना विचारलं, कशाची भीती वाटते? सगळ्यांचं उत्तर एकच: घाट. यवतेश्वराचा चढ. साहजिक आहे. २०१२ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून तिची ख्याती चढाचीच. पोवई नाक्याच्या बाजूने निघालं की गावातला रस्ताच हळूहळू वर चढायला लागतो, समर्थ मंदिर मागे पडलं की खरा घाट, मग वळणामागून वळण. वर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. २१ किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. म्हणजे जेवढं चढलात तेवढं उतरायचंही आहे. हे गणित पहिलीतल्या मुलालाही येईल, पण त्या उतरण्याची भीती वाटते असं मला एकानेही सांगितलं नाही.

आता माझी पहिली शर्यत ऐका. मी घाट फार शहाणपणाने चढले. धावले, चालले, पुन्हा धावले. वर धुकं होतं, अंगावर बारीक तुषार, रस्त्याच्या कडेला कोणीतरी हलगी वाजवत होतं. परतीच्या वळणाला पोचले तेव्हा मनात आलं, झालं! आता काय, उतारच तर आहे. आणि सोडले पाय. वारा कानात, माणसं मागे पडतायत, पंचविशीतली पोरं मागे पडतायत! दम अजिबात लागत नव्हता. समर्थ मंदिर आलं, रस्ता जरा सपाट झाला, आणि माझ्या मांड्या नाहीशा झाल्या. दुखल्या नाहीत, गोळेही आले नाहीत. फक्त राहिल्या नाहीत. गुडघा वाकवला की खाली बसते की काय असं व्हायचं. शेवटचे तीनेक किलोमीटर मी दुकानांच्या फळ्या धरायच्या बाकी ठेवल्या, अशी चालत गेले. मागे टाकलेली पोरं एकेक करून पुढे गेली. त्यातला एकजण माझा विद्यार्थी निघाला. तो थांबून म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "पाणी नको, पाय दे."

दुसऱ्या दिवशी घरचा जिना मी कठडा धरून उलटी उतरले. पाठमोरी, एकेक पायरी. सूनबाई खालून बघत होती. तिने आधी हसून घेतलं, मग हात दिला.

हे का झालं, ते मला नंतर कळलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. काम छातीचं आणि काळजाचं असतं, म्हणून धाप लागते आणि धाप लागली की आपण आपोआप जपून वागतो. उतरताना उलटं. प्रत्येक पावलाला सगळं वजन पुढे झेपावतं आणि मांडीचा पुढचा स्नायू ते वजन अडवतो. गाडीच्या ब्रेकसारखा. अडवताना तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. या ताणलेल्या जोरात स्नायूचे बारीक बारीक धागे फाटतात. प्राणवायू मात्र कमी लागतो, म्हणून दम लागत नाही. उताराचा कावा तो हाच. चढ तुम्हाला ओरडून सांगतो की दमलास, थांब. उतार काहीच सांगत नाही. बिल तळाशी आल्यावर हातात पडतं, आणि त्याचा मोठा हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

पण याच स्नायूंची एक गंमत आहे. एकदा त्यांनी उतार सोसला की पुढचे काही आठवडे ते तो लक्षात ठेवतात. तोच उतार पुन्हा धावलात तर मोडतोड बरीच कमी होते. म्हणजे उताराची तयारी करता येते, आणि ती उतारावरच करावी लागते. आपण साताऱ्याची माणसं काय करतो? रविवारी सकाळी घाट चढतो, वर टपरीवर चहा घेतो, फोटो काढतो आणि कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून खाली येतो! गुडघ्यांना त्रास नको म्हणून. मी स्वतः दोन महिने हेच केलं होतं. सराव चढाचा, आणि शर्यतीत निम्मी वाट उताराची.

तेव्हा आता हातात जे आठेक आठवडे आहेत, त्यांत आठवड्यातून एकदा उतार धावा. पहिल्या वेळी एकच किलोमीटर, अगदी सावकाश. मग दोन, मग चार. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, तर त्या दिवशी धावू नका, चाला. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी. त्यानंतर उतारावर मर्दुमकी दाखवायची नाही, कारण झालेली मोडतोड भरून यायला वेळ द्यावा लागतो.

उतरायचं कसं? लहान पावलं, भराभर. टाच पुढे टाकून दणकन् उतरू नका, पाय शरीराच्या खालीच पडू दे. मागे रेलू नका. भीती वाटली की माणूस मागे रेलतो आणि मग प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. आणि घाटात पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं, तेव्हा कडा सोडून धावा.

घरी करायचा व्यायाम सांगते. साताऱ्यात तालमीची परंपरा आहे, बैठका कुणाला नव्याने शिकवायला नकोत. फक्त खाली जाताना चार आकडे मोजा आणि वर येताना एक. पैलवान भराभर मारतात, आपण सावकाश मारायच्या. मी आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या. आता रोज सकाळी गच्चीवर स्वतः काढते. काही जुने विद्यार्थी मुद्दाम बघायला येतात असा मला संशय आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली होती, पुढे स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटर, त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. आपण टीव्हीवर तिची उडी बघतो. मी मात्र तिचं उतरणं बघायचे. ३५ वेळा वरून खाली यायचं, एका पायावर, दमलेल्या मांडीने, आणि लगेच पुढचं पाऊल टाकायचं. माझं सगळं व्याख्यान त्या एका पावलात आहे.

बुटांबद्दल प्रश्न येणारच आहे, म्हणून आधीच सांगते. बूट कुठल्या कंपनीचा हे मला विचारू नका. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा हवी, आणि नाडी घोट्यापाशी घट्ट हवी, म्हणजे उतरताना पाय पुढे घसरत नाही. घसरला की नखं बुटावर आपटतात आणि काळी पडतात. माझी दोन गेली होती. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, नवे मोजेही नाहीत. ओल्या मोज्यात फोड येतात, म्हणून बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन. पुरुष मंडळींनी छातीलाही लावावं. हसू नका, पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे दोन ठिपके घेऊन आलेले गृहस्थ मी पाहिलेत.

आणि उंची बूट परवडत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी घरातली माणसं अनवाणी धावली, ते दोराबजी टाटांनी पाहिलं आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५पेक्षाही लांब होती, ४२.७५ किलोमीटर.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. शरीरात साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते. आपल्यातल्या बहुतेकांना या शर्यतीला त्याहून जास्त लागेल, म्हणून वाटेत थोडं गोड खायला हवं. खजूर, चिक्की, धावपटूंसाठी पाकिटात मिळणारं गोड जेल, जे सरावात पोटाला मानवलं असेल ते. आदल्या रात्री भात, भाकरी, बटाटा, साधं. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून रश्शाचा बेत करू नका. कंदी पेढे शर्यतीनंतर. पाणी तहानेपुरतं. सप्टेंबरात वर गारवा असतो, घाम कमी जाणवतो, आणि तरी लोक प्रत्येक टेबलावर पेला रिचवतात. फार पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, जीवावरही बेतू शकतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं होतं. तसंच वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका, मूत्रपिंडावर ताण येतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर तिथेच थांबायचं. चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांनी या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. त्यांना सगळं खरं सांगा, सिगारेटसकट.

आता मनाकडे येते. मनाचंही उतारासारखंच आहे. चढताना ते जागं असतं, कारण त्रास होत असतो. वळण घेतलं की सैल पडतं. तिथेच त्याला धरायचं. माझी युक्ती गणिताच्या बाईची आहे: पाढे. आठवड्याच्या लांब धावेला एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी... एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा. चढावर पाढा म्हणता येत नाही, तिथे चाला. चालणं म्हणजे हरणं, हे डोक्यातून काढून टाका. आणि उतारावर? तिथे पाढा अगदी खुशाल म्हणता येतो, म्हणून तिथे तो निरुपयोगी. उतारावर मी पावलं मोजते. शंभर झाली की पुन्हा एकपासून. मोजणाऱ्या माणसाला उधळायला सवड होत नाही.

तरीही उधळावंसं वाटेलच. मोह होतो तो घाटात गेलेला वेळ वसूल करण्याचा. तर हिशेब करा. समजा उताराचे सात किलोमीटर तुम्ही किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त वेगाने आलात. मिळाली साडेतीन मिनिटं. आणि त्यापायी शेवटचे तीन किलोमीटर सातऐवजी बारा मिनिटांनी चालावे लागले, तर गेली पंधरा. वर्गात हे उदाहरण दिलं असतं तर मुलं म्हणाली असती, बाई, हा माणूस वेडा आहे का? तो माणूस मी.

शेवटच्या दोन आठवड्यांत धावणं जवळपास निम्म्यावर आणा. याचा लोकांना फार त्रास होतो. पाय शिवशिवतात, उगाच घसा खवखवल्यासारखा वाटतो, तयारी कमी पडली असं वाटून माणूस चोरून पंधरा किलोमीटर धावून येतो. येऊ नका. त्या दिवसांत जमलं तर घाट गाडीने जाऊन बघा आणि जागा ठरवून ठेवा: इथे पाणी पिणार, इथे चालणार, या झाडापासून पावलं मोजणार. आदल्या रात्री झोप लागत नाही, कुणालाच लागत नाही, मला अजूनही लागत नाही. त्याच्या आदल्या रात्री मात्र नीट झोपा.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, बटाटेवडे गार होतायत. रविवारी सकाळी सहाला समर्थ मंदिरापाशी जमायचं आहे. चालत, धावत, जसं जमेल तसं वर जाऊ. ज्यांनी खाली यायला कुणाला गाडी घेऊन बोलावलंय, त्यांनी आजच फोन करून त्याला नको म्हणून सांगा.