तीस दिवसांचं पत्र

(ठाण्याच्या नौपाड्यातील एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, टीव्हीवर म्युच्युअल फंडाची जाहिरात संपता संपता एक जण गाडी सुटल्यासारखं काहीतरी बोलून जातो. 'गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे', इथपर्यंत नातवंडांनाही पाठ असतं. पुढे काय म्हणतो तो? (सभागृहातून उत्तर.) बरोबर. योजनेचे सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा.

मी तुम्हाला ते सांगणार नाही. नोकरीची अठरा वर्षं मी वाशीला, फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या एका रजिस्ट्रारच्या ऑफिसात काढली. योजनेचा जाडजूड माहिती दस्तऐवज अथपासून इतिपर्यंत मीसुद्धा मोजून तीन-चारदा वाचला असेल. बरंचसं वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं असतं. पण काही कागद वेगळे असतात, ते ओळखता आले पाहिजेत. त्यातला पहिला म्हणजे तीस दिवसांचं पत्र.

त्याआधी जुनी जखम काढतो. इथले निम्मे लोक यूएस-६४ वाले असणार. युनिट ट्रस्टची, म्हणजे यूटीआयची, १९६४ सालची योजना; सरकारचीच म्हणून वडिलांनी घेतली, आपण पुढे चालवली. आत कुठले शेअर आहेत, एका युनिटमागे, म्हणजे आपल्या एका हिश्श्यामागे, खरा ऐवज किती आहे, काही कळायचं नाही. भाव यूटीआय ठरवायची आणि आपण तो मानायचो. जुलै २००१ मध्ये सहा महिन्यांसाठी खरेदी-विक्रीच थांबवली, तेव्हा गोखले रोडवर दोन माणसं भेटली की हाच विषय. एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागचा हा खरा ऐवज, कळायला २००२ उजाडलं. तेव्हा वाचायला हातात काही नव्हतंच हो! आज घरी येतं ते आपण रद्दीत घालतो.

आता ते पत्र. फंडानं योजनेचा मूळ गाभा बदलायचा ठरवला, म्हणजे पैसे कशात घालणार, किती घालणार हेच बदललं, तर प्रत्येक युनिटधारकाला लेखी कळवावं लागतं आणि बाहेर पडायला किमान तीस दिवस द्यावे लागतात. त्या मुदतीत एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढताना कापला जाणारा आकार, लागत नाही. (नफ्यावरचा कर मात्र सुटत नाही, हे एजंट सांगायला विसरतात.) बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांचे ठरावीक प्रकार पाडून दिले, त्यानंतर २०१८ मध्ये अशी पत्रं ढिगानं गेली. नावं बदलली, योजना एकमेकींत विलीन झाल्या.

आणि ढिगानं परत आली. आमच्याकडे त्या पाकिटांची पोती असायची. वर पोस्टमनचा शेरा : 'घर बंद', 'येथे राहत नाहीत'. पत्ते बघावेत तर नौपाडा, पाचपाखाडी, चरई. इमारत पुनर्विकासाला गेलेली, माणसं भाड्यानं कोलशेतला नाहीतर घोडबंदर रोडला. गॅसवाल्याला, दूधवाल्याला, बँकेला नवा पत्ता दिलेला. फंडाला कोण देतो?

हसू नका, त्यात माझंही एक पाकीट होतं. मोठ्या कंपन्यांचा म्हणून घेतलेला माझा फंड 'लार्ज अँड मिडकॅप' झाला होता, म्हणजे किमान पस्तीस टक्के मध्यम कंपन्यांत. पत्र जुन्या बिल्डिंगवर गेलं, तिथे तेव्हा नुसता खड्डा. मला कळलं चार महिन्यांनी, तोवर मिडकॅप घसरलेले. इतरांची परत आलेली पाकिटं मी रोज मोजत होतो!

आता बहुतेक सगळं ईमेलवर येतं. ईमेल मुलाचा, मुलगा न्यू जर्सीत. खड्डा तोच.

ईमेलवरून आठवलं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टननं कर्जरोख्यांच्या सहा योजना बंद केल्या. पंचवीस हजार कोटींच्या आसपास रक्कम अडकली. त्यातल्या एका योजनेच्या नावात 'अल्ट्रा शॉर्ट' होतं, म्हणून एफडीच्या जागी ठेवणारे पुष्कळ होते. दरमहा निघणाऱ्या यादीत मात्र कुठल्या कंपनीचे रोखे आहेत, त्यांचं मानांकन काय, म्हणजे पैसे परत मिळण्याची खात्री किती, हे ओळीनं छापलेलं असायचं. सर्वात वरच्या 'ट्रिपल ए'ऐवजी मानांकन 'ए', 'डबल ए' दिसलं की विचारायचं : एफडीपेक्षा जास्त व्याज हा मला कशाबद्दल देतोय? पुढे डिसेंबरात, योजना गुंडाळायच्या का यावर युनिटधारकांचं ऑनलाइन मतदान झालं, आणि सर्वोच्च न्यायालयानं बहुमत धरलं ते मत देणाऱ्यांचं. ईमेल न उघडणारा मोजलाच गेला नाही.

योजनेची जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरचा काटा सरकला तरी मेसेज येतो. तो अर्ध्या मिनिटात वाचून होतो, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

सहामाही स्टेटमेंटवर मात्र बोलतो. तुमच्या एजंटला फंडानं तुमच्या गुंतवणुकीवर किती कमिशन दिलं, ते त्यात रुपयांत छापलेलं असतं. त्याचं वेगळं बिल येत नाही. खर्च रोज थोडा थोडा एनएव्हीतून जातो, म्हणून खिशाला समजत नाही. ते द्यायचं नसेल तर जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहे, त्यात मध्यस्थाचं कमिशन नाही. पण एजंट कामाचा असेल तर द्यावं की खुशाल.

आमच्या शेजारच्या काकूंचा एजंट त्यांचाच भाचा. सहा महिन्यांचे साडेचार हजार हा आकडा त्यांनी पाहिला आणि भाऊबीजेला सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, "वर्षाला नऊ हजार होतात तुझे. आता माझं पत्र आलं की वाचून दाखवायला यायचं." तेव्हापासून तो येतो. आधी पोहे खातो, मग चष्मा लावून वाचतो, आणि अडला की मला हाक मारतो.